“भूभूला माया कर” म्हणण्याआधी: कुत्र्याला लहान मुलांशी सांभाळून वागायला कसं शिकवायचं

लिफ्टमध्ये कडेवर मूल घेतलेली शेजारीण शिरली की हमखास विचारते, “काही करत नाही ना हो?” आणि आपलं उत्तरही ठरलेलं असतं, “नाही हो काकू, एकदम गरीब आहे.” मीही वर्षभर हेच सांगत होते. आमची शेवंती खरंच गरीब होती. 2018च्या पावसाळ्यात ठाण्यात घोडबंदर रोडला, कासारवडवलीजवळच्या एका बांधकामावर ती सापडली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. पाचपाखाडीतल्या आमच्या छोट्या घरात ती वाढली आणि कधी कुणावर साधी भुंकलीसुद्धा नाही.

2019च्या दिवाळीत नणंद तिच्या तेरा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. तो रांगत रांगत दिवाणाजवळ शेवंतीपाशी गेला. सगळे कौतुकानं म्हणत होते, “भूभूला माया कर, माया कर.” मी फोटो काढला, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात त्याची मूठ तिच्या कानावर आवळलेली आहे. तिचं तोंड घट्ट मिटलेलं, मान दुसरीकडे वळवलेली, जिभेचं टोक नाकावर, आणि डोळ्याच्या कडेला पांढऱ्या भागाची चंद्रकोर दिसतेय. तेव्हा आम्हाला त्यात फक्त एक गोड फोटो दिसला. पुढच्या क्षणी ती गुरगुरली. सासऱ्यांनी तिला दटावलं, मी तिच्या नाकावर चापट मारली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला तेव्हा ती गुरगुरली नाही. वसकन उठली आणि त्याच्या गालापासून चार बोटांवर दात वाजवले. दात लागले नाहीत, हे आमचं नशीब.

त्या चापटीचं मला आजही वाईट वाटतं. शेवंतीनं आदल्या दिवशी चार वेळा सांगून पाहिलं होतं आणि सांगण्याबद्दल मार खाल्ला होता. मग तिनं सांगणं सोडलं. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसले आहे: कुत्र्याला मुलाचं सगळं सहन करायला शिकवायचं नसतं, त्याला मुलापासून बाजूला व्हायला शिकवायचं असतं. आणि बाजूला व्हायला वाट कायम मोकळी ठेवायचं काम आपलं. पुढचं सगळं याच्यासाठी आहे.

गुरगुरण्याच्या आधी तो काय सांगतो

शिकवायला सुरुवात करण्याआधी चार दिवस फक्त बघा. जेवण नसताना जीभ नाकावरून फिरवणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवणं, कान मागे चिकटवणं, पाय उचलून धरणं, उठून दुसऱ्या खोलीत जाणं, अंग ओलं नसताना झाडणं: ही सगळी “मला हे नको आहे” म्हणायची रीत आहे. धापा टाकत असलेला कुत्रा एकदम तोंड मिटतो आणि अंग ताठ करून थिजतो, ही त्याच्या पुढची पायरी. तेव्हा मुलाला उचलायचं, कुत्र्याला हाक मारून बोलवायचं. मुलाला ओढून घेताना किंचाळायचं नाही, त्यानं दोघंही बिथरतात.

शेपटीवर भरवसा ठेवू नका. ती हलतेय म्हणजे खूष आहे असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण उंच, ताठ आणि तुरुतुरु हलणारी शेपूट ताणाचीही असते. सैल अंग, अर्धवट उघडं तोंड आणि कमरेपासून हलणारी शेपूट असेल तर तो मजेत आहे.

गुरगुरला तर रागावायचं नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही समजावून सांगा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणं हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. मी सासऱ्यांना तो फोटो मोठा करून दाखवला, डोळा दाखवला, मिटलेलं तोंड दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे ती बोलत होती.” त्यानंतर त्यांनी तिला कधीच दटावलं नाही.

आधी डॉक्टर

दुखणं असलेल्या कुत्र्याला हळुवारपणा शिकवता येत नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत कुत्र्यांचे कान खूप बिघडतात. बाहेरून काही दिसत नाही, पण मुलानं कान धरला की कळ मस्तकात जाते. वयस्कर लॅब्राडोरचे खुबे, पॉमेरेनियनचे दात हेही तसंच. म्हणून आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडून कान, दात, सांधे तपासून घ्या. रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर आणि मग डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दर वर्षी. जंताचं औषध चुकवू नका, कारण पिल्लांमधले गोल जंत मुलांना होऊ शकतात. गोचिडांचं औषध, महिन्या-दीड महिन्यानं नखं कापणं, महापालिकेची नोंदणी, हेही एकदाच उरकून टाका.

पिल्लू आणणार असाल तर आणखी एक. तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे भेटतं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं. या दिवसांत लसीकरण पुरं झालेलं नसतं, म्हणून जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन संध्याकाळी सोसायटीच्या बागेच्या कडेला दहा मिनिटं बसा. मुलांचा आरडाओरडा, स्केटिंग, सायकलची घंटी हे सगळं त्याला लांबून ऐकू द्या, बघू द्या आणि खाऊ देत राहा. मुलांनी त्याला हातोहात फिरवायची गरज नाही.

गोधडी

कुत्र्याला एकच गोष्ट शिकवायला वेळ असेल तर ही शिकवा. आमच्याकडे आईनं शिवलेली एक जुनी गोधडी आहे, घडी घालून हॉलच्या कोपऱ्यात असते. तुमच्याकडे चटई किंवा पायपुसणं असेल. जागा अशी निवडा की माणसं दिसतील पण वाटेत येणार नाही. दार, बाथरूम आणि खेळण्यांची टोपली यांच्यापासून लांब.

खाऊ म्हणून उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे मटारच्या दाण्याएवढे तुकडे करा. पहिले दोन दिवस काही बोलायचं नाही. गोधडीवर तुकडा टाकायचा, तो गेला, खाल्लं, की दुसरा तुकडा बाहेर टाकायचा म्हणजे तो उतरेल. पुन्हा गोधडीवर. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो खाऊ पडायच्या आधीच गोधडीवर जाऊन तुमच्याकडे बघायला लागतो. तिथून पुढे तो निघाला की शब्द म्हणायचा, “गोधडी”. घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. एक जण “जागेवर”, दुसरा “गो टू मॅट” म्हणत असेल तर महिना वाया जातो.

मग वेळ वाढवा. तीन आकडे मोजून खाऊ, मग पाच, मग दहा. मध्येच एकदा दोनवर द्या, नाहीतर “दर वेळी लांबतच चाललंय” म्हणून तो उठून जातो. दोन आठवड्यांत मिनिटभर बसायला लागला की घरातला गोंधळ मुद्दाम आणायचा: जमिनीवर चेंडू टप्पा, खुळखुळा, कुणीतरी पळत जाणं, दाराची बेल, आणि सर्वांत शेवटी एखाद्या मोठ्या माणसानं चक्क रांगणं. हे शेवटचं चुकवू नका. उभं चालणारं माणूस आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर त्याच्याकडे टक लावून येणारं माणूस, कुत्र्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. माझा नवरा रांगत शेवंतीच्या दिशेनं गेला तेव्हा पहिल्या दिवशी ती उठून स्वयंपाकघरात गेली. आम्ही तिला जाऊ दिलं. दहा दिवसांनी ती बसून शेपूट आपटायला लागली.

गोधडीचा एक नियम कधीच मोडायचा नाही: तिच्यावर बसलेल्या कुत्र्याला कुणी हात लावायचा नाही. औषध घालायचं असलं तरी आधी खाली बोलवा. शिक्षा म्हणूनही तिथे पाठवू नका. ती त्याची हक्काची जागा राहिली तरच मूल जवळ आल्यावर तो तिथे जाईल. गोधडीचा आणखी एक फायदा म्हणजे ती घडी करून गावाला नेता येते.

तोंड: “हळू” आणि “सोड”

मुठीत खाऊ धरा आणि मूठ पुढे करा. तो चाटेल, कुरतडेल, पंजा मारेल. गप्प राहा. ज्या क्षणी तोंड मागे घेईल त्या क्षणी तळहात पूर्ण उघडा. हे जमलं की मूठ उघडताना “हळू” म्हणा. मुलाच्या हातातलं बिस्किट नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं, म्हणून हे इतकं महत्त्वाचं. तरीही मुलानं खायच्या वेळी कुत्रा गोधडीवर किंवा दाराआडच बरा. मुलांच्या हातात चॉकलेट, मनुका, द्राक्षं असतात आणि ती कुत्र्यांना विषारी आहेत.

“सोड” शिकवताना हिसकावून घ्यायचं नाही. तोंडात चप्पल आहे ना, मग नाकाशी पनीर धरा, चप्पल सुटली की “सोड” म्हणा, पनीर द्या, आणि चार-पाचदा तीच वस्तू परतही द्या. ज्याच्याकडून गोष्टी हिसकावल्या जातात तो वस्तू घेऊन दिवाणाखाली शिरायला शिकतो, आणि त्याच्यामागे रांगत जाणारं मूल मग अडचणीत येतं.

जेवत असताना त्याच्या ताटलीत हात घालून “सवय” करायचा सल्ला अजूनही लोक देतात. तो ऐकू नका. तुमच्या ताटातून रोज कुणी घास उचलला तर तुम्ही शांत व्हाल की ताट जवळ ओढाल? कुत्र्याला एकटं, निवांत जेवू द्या. मोठ्या माणसांनी लांबून जाता जाता ताटलीत काहीतरी चांगलं टाकलं तर पुरे.

पिल्लाचे सुळ्यासारखे दुधाचे दात चार ते सहा महिन्यांत पडतात, तोवर ते सगळ्यांना चावतंच. दात लागले की खेळ थांबवा आणि वीस सेकंद दाराच्या पलीकडे निघून जा, बस्स. हात झटकायचा नाही, नाक दाबायचं नाही. फ्रीजरमध्ये गार केलेलं गाजर चावायला द्या.

हातांची सवय

मूल कितीही सांगितलं तरी मूठ आवळतंच. म्हणून मोठ्या माणसांनी आधी सराव करून ठेवायचा. कानाला हलका स्पर्श, लगेच खाऊ. शेपटीला स्पर्श, खाऊ. पंजा, पाठीवरचे केस अगदी किंचित ओढणं, खाऊ. स्पर्श आधी आणि खाऊ नंतर, हा क्रम पाळा, उलटा झाला तर तो खाऊलाच घाबरायला लागतो. रोज दोन मिनिटं पुष्कळ झाली. हा सराव चुकून झालेल्या गोष्टीसाठी आहे. “आता ओढलं तरी चालतं” असा त्याचा अर्थ कुणी काढायला लागलं तर तिथेच थांबवा.

माहेरहून बाळ येतं तेव्हा

परदेशी मार्गदर्शनात गर्भारपणापासून दवाखान्यातून घरी येईपर्यंतची तयारी असते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी, त्यामुळे कुत्र्याच्या बाजूनं वेगळंच घडतं. घरातलं एक माणूस सातव्या महिन्यात नाहीसं होतं आणि चार-पाच महिन्यांनी एका रडणाऱ्या गाठोड्यासकट दारात उभं राहतं. मी 2022च्या जानेवारीत बाळंत झाले, साताऱ्याला. या मधल्या काळाचा आम्ही असा उपयोग केला.

मी लेकीच्या रडण्याचं रेकॉर्डिंग वॉट्सॲपवर पाठवलं. नवरा संध्याकाळी ते अगदी बारीक आवाजात लावायचा आणि शेवंतीला जेवण वाढायचा. ती कान टवकारून थांबली तर आवाज अजून कमी करायचा, आरामात जेवली तर दुसऱ्या दिवशी किंचित वाढवायचा. शनिवारी तो भेटायला यायचा तेव्हा परत जाताना लेकीचं वापरलेलं, न धुतलेलं दुपटं पिशवीत बांधून न्यायचा. ते जमिनीवर ठेवायचं, हुंगू द्यायचं, खाऊ द्यायचा, उचलून ठेवायचं. पाळणाही बाळ यायच्या महिनाभर आधी घरात आणून ठेवला.

आल्या दिवशी मी एकटी खाली सोसायटीच्या आवारात शेवंतीला भेटले. बाळ गाडीत आईजवळ होतं. इतक्या महिन्यांनी मला बघून तिनं जो काही नाच केला, उड्या मारल्या, तो सगळा तिथे होऊ दिला. अर्धा तास फिरून दमल्यावर ती वर आली. मग ओवाळून बाळ घरात आलं. शेवंती लीशवर (फिरायला नेतो त्या दोरीवर), सात-आठ फुटांवर, गोधडीवर. जवळ आणून “बघ, बघ, बाळ बघ” केलं नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः उठून आली, मांडीवरच्या बाळाचे पाय हुंगले आणि निघून गेली. आम्ही कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही.

पुढे एक चूक टाळा. बाळ जागं असताना कुत्र्याला लांब ठेवायचं आणि बाळ झोपल्यावर लाड करायचे, असं सगळ्याच घरांत होतं. मग त्याला वाटतं, हे गाठोडं जागं झालं की माझे वाईट दिवस. उलटं करा. खाऊ, बोलणं, लाड शक्यतो बाळ समोर असताना.

रांगायला लागल्यावर

खरी परीक्षा सातव्या-आठव्या महिन्यापासून. तोवर बाळाजवळ यायचं की नाही हे कुत्रा ठरवत होता, आता बाळ ठरवायला लागतं. लहान मुलांना ओळखीचा कुत्राही चावतो, आणि मुलाची उंची पाहता तो चावा बहुधा डोक्या-चेहऱ्यावर बसतो. म्हणून या काळात नियम कडक ठेवा: मोठं माणूस हाताच्या अंतरावर, फोन बाजूला. भाजी फोडणीला टाकायला दोन मिनिटं जायचं असेल तर दोघांपैकी एकाला सोबत न्या. आम्ही स्वयंपाकघराच्या चौकटीत गुडघ्याएवढी फळी अडकवली होती. ती शेवंती सहज ओलांडायची, बाळाला ओलांडता येत नव्हती. वाट मोकळी ठेवणं म्हणतात ते हेच.

मूल दीड-दोन वर्षांचं झालं की त्याला हात लावायला शिकवा. मूल जमिनीवर बसलेलं, हात मांडीवर. कुत्र्यानं यायचं, मुलानं जायचं नाही. मुलाचा हात तुमच्या हातात धरून उघड्या तळव्यानं खांद्यावर किंवा छातीवर तीन आकड्यांपर्यंत हात फिरवायचा, आणि थांबायचं. कुत्रा आणखी जवळ सरकला तर पुन्हा तीन. जागेवरच राहिला, तोंड वळवलं, निघून गेला तर “भूभूला आता नको आहे” एवढंच मोठ्यानं सांगायचं. मिठी, पाठीवर बसणं, तोंडाला तोंड लावून पापा घेणं, झोपलेल्याला किंवा जेवणाऱ्याला हात लावणं, हे कुठल्याही कुत्र्याच्या बाबतीत नाही.

अनोळखी कुत्रा अंगावर आला तर मुलाला “झाड हो” शिकवा: पाय रोवून उभं राहायचं, हात पुढे एकमेकांत गुंतवायचे, नजर पायांवर. पडलं तर “कासव”: पोटाशी गुडघे, मानेमागे हात. खेळासारखं आठवड्यातून एकदा करून घ्या, मुलांना फार आवडतं.

लिफ्ट, आवार आणि दहीहंडी

सोसायटीत चार-पाच फुटांची साधी लीश. लांब सुटणारी दोरी लिफ्टच्या दारात घात करते. लिफ्टमध्ये कुत्रा भिंतीकडे, तुम्ही मध्ये. मूल आत असेल तर पुढची लिफ्ट घ्या. संध्याकाळी सहा ते आठ आवारात सायकली असतात, तेव्हा फिरायचं टाळा, पहाटे उपवन तलावाला एक लांब फेरी मारा. दमलेल्या कुत्र्याला संयम जास्त असतो. पावसात फिरणं बुडालं तर घरीच खाऊ लपवून शोधायला लावा. मुलं “काकू, हात लावू?” विचारतात तेव्हा नाही म्हणायला संकोचू नका. तीसुद्धा शिकवणूकच आहे.

टेंभी नाक्याची दहीहंडी, गणपतीचे ढोल-ताशे, दिवाळीचे फटाके या दिवसांत चांगल्यात चांगला कुत्रा वेगळा असतो. आतली खोली, पंखा, गोधडी, बंद दार. पाहुण्यांच्या मुलांना त्या दिवशी भेट नाही.

दात लागलेच तर

साबण आणि वाहत्या पाण्याखाली जखम पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, काही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, महापालिकेच्या रुग्णालयात रेबीजची लस मिळते. तिथे ती बहुधा त्वचेत देतात, दिवस 0, 3, 7 आणि 28 असे चार डोस, आणि एकही चुकवायचा नाही. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दल) विचारा. कुत्रा घरचा आणि लस घेतलेला असला तरी हे डॉक्टरांनीच ठरवायचं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा.

पूर्वी मजेत असणारा कुत्रा मूल खोलीत आलं की थिजतो, टक लावून बघतो, किंवा एकदा जरी दात लागले असतील, तर हा लेख बाजूला ठेवा. प्राण्यांच्या डॉक्टरांना भेटा आणि मारहाण न करणारा, घरी येऊन बघणारा प्रशिक्षक शोधा. तोवर दोघं वेगळ्या खोल्यांत. तोंडाला बसेल आणि धापा टाकता येतील अशी जाळीची मुसकी खाऊ देऊन सवयीची करून ठेवणं यात कसलाही कमीपणा नाही.

आम्हाला गोधडीला दोन महिने लागले, रडण्याच्या आवाजाला पाच आठवडे, आणि शेवंतीनं नणंदेच्या मुलावर पुन्हा विश्वास टाकायला जवळजवळ वर्ष. तो आता शाळेत जातो. आमच्याकडे आला की दारातच चपला काढून खाली बसतो, हात मांडीवर ठेवतो. शेवंती येते, हुंगते, कधी डोकं टेकवते, कधी वळून गोधडीवर जाऊन पडते. ती गेली की तो मला सांगतो, “मामी, तिला आत्ता नकोय,” आणि कपाटामागून कॅरम बोर्ड ओढायला लागतो.